योहानाचा चौथा अध्याय दोन गावांनी मिळून कसा वाचावा

उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या मंडळ्यांत लहान मुलंही न अडखळता सांगतात. या दाखल्यावर एक साधा प्रयोग झालेला आहे. मार्क अ‍ॅलन पॉवेल या अमेरिकन नवा करार-अभ्यासकाने आपल्या देशातल्या १०० विद्यार्थ्यांना लूकच्या १५व्या अध्यायातली ही गोष्ट वाचायला दिली, पुस्तक मिटायला लावलं आणि शेजारच्याला ती सांगायला लावली. बापाकडून वाटा घेऊन दूर देशी गेलेला मुलगा कंगाल होऊन डुकरं राखायला लागतो, ती ही गोष्ट. मुलाने पैसा उडवला हे शंभरही जणांनी सांगितलं. त्या देशात मोठा दुष्काळ पडला, हे १४व्या वचनातलं वाक्य फक्त ६ जणांच्या तोंडी आलं. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ५० जणांकडून हेच करून घेतलं, तेव्हा ४२ जणांनी दुष्काळ सांगितला आणि उधळपट्टी मात्र जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी गाळली. १९४१ ते १९४४ च्या वेढ्यात लाखो माणसं उपाशी मेलेलं हे शहर आहे. टांझानियात विचारलं की मुलगा डुकरांपाशी कशामुळे पोचला, तर बहुतेकांनी सांगितलं, कुणी त्याला काही देईना म्हणून. तेही १६व्या वचनात लिहिलेलंच आहे.

पदरचं कुणीच काही घातलं नाही. तिघांनी शास्त्रातलंच सांगितलं आणि प्रत्येकाने वेगळं गाळलं. आपण काय गाळलं हे कुणालाच आपलं आपण कळलं नसतं.

ख्रिस्ती मिशनचा फेरविचार इथून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. सुवार्ता घेऊन जाणारा असं धरून चालतो की त्याने अख्खी गोष्ट वाचली आहे आणि आता फक्त ती पोचवायची आहे. पण त्याने ती एका घरात, एका जातीत, एका पगारावर बसून वाचलेली असते. म्हणून ज्यांच्याकडे जायचं त्यांनी तीच गोष्ट आधी आपल्याला वाचून दाखवायला हवी. हे प्रत्यक्षात कसं करायचं आणि कुठे बिघडतं, त्याबद्दल हा लेख आहे.

सुरुवातीला योहान ४:१–४२ हाच भाग घ्यावा, म्हणजे यहूदी येशू विहिरीपाशी एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो ती गोष्ट. यहूदी आणि शोमरोनी यांचं जुनं वैर होतं. या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीने वीसहून अधिक देशांतल्या साध्या वाचकांच्या गटांना हाच उतारा दिला होता. पद्धत तीन टप्प्यांची होती. आधी प्रत्येक गटाने आपापल्या ठिकाणी वाचायचं. मग दुसऱ्या देशातल्या जोडीच्या गटाचं टिपण हातात घेऊन तोच उतारा पुन्हा वाचायचा. शेवटी त्या गटाला उत्तर लिहायचं. ही पद्धत आपल्याकडे पुण्यातली मंडळी आणि जालना जिल्ह्यातल्या गावची मंडळी यांच्यातही चालते, वसईचा कॅथलिक गट आणि अहिल्यानगरकडचा (पूर्वीचं अहमदनगर) प्रोटेस्टंट गट यांच्यातही चालते. परदेशच हवा असं नाही. एकाच तालुक्यात पाण्याच्या दोन वेगळ्या जागा असल्या की दोन संस्कृती असतातच.

मराठी माणसासाठी या उताऱ्याला एक जुना धागाही आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे अँग्लिकन मठवासी स्त्रियांकडे होत्या. तिथून त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी भगिनींनी चालवलेलं काम पाहायला नेलं. अशा बायकांशी इतक्या मायेने का वागता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. शास्त्र-पुराणं कोळून प्यायलेल्या या बाईंनी पुढे आपल्या साक्षीत या गोष्टीचा स्वतःवर झालेला परिणाम लिहून ठेवला, आणि केडगावला अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं केलं. पण ज्या भगिनींकडून ही गोष्ट ऐकली, त्यांचं सगळंच रमाबाईंनी मान्य केलं नाही. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावर त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी त्याच भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीनना १८८५ मध्ये कळवलं. मिशनने दिलेली गोष्ट मनापासून घ्यायची आणि मिशनलाच प्रश्न विचारायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वाचकाने एकाच वेळी केल्या. आपल्याला गटात नेमकं हेच घडवून आणायचं आहे.

आता तयारी. प्रत्येक गटात ६ ते १० माणसं घ्यावीत. १२ च्या वर गेली की दोघं-तिघंच बोलतात. निम्म्याहून जास्त बायका असाव्यात, कारण गोष्ट पाणी भरण्याची आहे आणि ते काम कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गट चालवायला एकजण, लिहून घ्यायला दोघं. लिहिणाऱ्यांपैकी एकाने माणसं बोलतात तेच शब्द उतरवायचे. दुसऱ्याने फक्त कोण किती वेळा बोललं याच्या रेघा मारायच्या. ही रेघांची वही फार उपयोगी पडते. पाळकसाहेबांच्या नावापुढे वीस रेघा आणि कोपऱ्यात बसलेल्या मावशींपुढे एकही नाही, असं चित्र पहिल्या बैठकीनंतर दिसलं की दुसऱ्या बैठकीची बसण्याची मांडणी बदलता येते.

एकूण तीन बैठका, प्रत्येकी दीड तासाच्या. मध्ये दोन-तीन आठवडे ठेवावेत. जागा शक्यतो चर्चची नसावी. कुणाची तरी पडवी किंवा अंगण बरं, कारण चर्चमध्ये बसलं की माणसं उपासनेतली भाषा बोलू लागतात. उतारा मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचायचा. बेचाळीस वचनांना सात-आठ मिनिटं लागतात. त्या वेळी कुणाच्याही हातात पुस्तक नको, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ते मागे पडत नाहीत. दुसऱ्या वाचनानंतर दोघा-दोघांनी एकमेकांना गोष्ट सांगायची, पॉवेल यांनी केलं तसं. कोणतं वचन कुणीच सांगितलं नाही, ते लिहिणाऱ्याने टिपून ठेवायचं. जोडीच्या गटाला पाठवायच्या टिपणात सर्वात मोलाची ओळ हीच असते.

पुढे प्रश्न. त्यांचा क्रम मोडायचा नाही. गोष्टीत कोण कोण आहे, आणि कोण तिथून निघून गेलेलं आहे? कुणाच्या हातात काय आहे? कोण कुणाकडे काय मागतं? कोण कुणाच्या घरी राहतं? एवढं झाल्यावरच गावाकडे वळायचं. आपल्याकडे पाणी कुठून येतं, कोण भरतं, कुणाला कुठे अडवलं जात होतं, अजून कुठे अडवलं जातं? आणि अगदी शेवटी, या गोष्टीत आपण कुठे उभे आहोत? यातून काय शिकायला मिळतं, हा प्रश्न सुरुवातीला विचारला की बैठक तिथेच संपते. सगळे रविवारच्या शाळेत पाठ केलेलं उत्तर देतात आणि उताऱ्याकडे कुणी पाहतच नाही.

कुणाच्या हातात काय, या एका प्रश्नाला अर्धा तास द्यावा. येशू दमून याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला आहे. शिष्य अन्न विकत आणायला सूखार गावात गेले आहेत. त्याला तहान लागली आहे आणि विहीर समोर आहे, पण पोहरा नाही, दोर नाही. ११व्या वचनात ती बाई त्याला हे तोंडावर सांगते. घागर तिच्याकडे आहे. जो द्यायला आलेला आहे, तोच आधी मागतो, आणि तेही जिच्या भांड्यातून पिणं त्याच्या लोकांना चालत नाही तिच्याकडे. शेवटी ४०व्या वचनात शोमरोनी लोक त्याला राहण्याची विनंती करतात आणि तो तिथे दोन दिवस राहतो. तेरा माणसांना दोन दिवस कुणी जेवू घातलं असेल, हा प्रश्न महिला मंडळात हमखास निघायला हवा. नाही निघाला तर गट चालवणाऱ्याने विचारावा. शिष्य गावात शिरले ते विकत घ्यायला. बाहेर पडले ते पाहुणचार घेऊन. मिशनचं वेळापत्रक, वस्तूंची यादी आणि मुक्कामाची सोय आधी ठरवून निघणाऱ्या प्रत्येक गटाने या दोन दिवसांपाशी थांबावं असं मला कळकळीने वाटतं.

दुसरी रेंगाळण्याची जागा म्हणजे दुपारची वेळ आणि पाच नवरे. तुला पाच नवरे होते, असं येशू तिला सांगतो. ती बाई बदनाम होती, म्हणून तोंड लपवत भर दुपारी आली, असं प्रवचनांतून इतकं ऐकलेलं असतं की ते शास्त्रातच आहे असं वाटतं. शास्त्रात फक्त सहावा तास, म्हणजे भर दुपार, एवढंच आहे. उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात बायका संध्याकाळी पाणी भरायला येतात हे खरं, पण २९व्या अध्यायात राहेल दिवस चांगला वर असताना विहिरीवर येते आणि तिच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवत नाही. योहानाने आदल्याच अध्यायात निकदेम या यहूदी पुढाऱ्याला येशूकडे रात्री आणलं आहे आणि हिला लख्ख उजेडात, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. जिथे टँकर येईल तेव्हा हंडे घेऊन धावावं लागतं, तिथल्या बाईला दुपारी पाणी भरण्याचं कारण शोधावंच लागत नाही.

पाच नवऱ्यांचंही तसंच. येशू तिला पापी म्हणत नाही, क्षमा केली असंही म्हणत नाही. त्या काळात काडीमोड देण्याची सत्ता बहुतेक करून नवऱ्याच्या हाती. वैधव्य येई, दिराशी लग्न लावलं जाई. आपल्याकडे पाट लावण्याची रीत ज्यांच्या घरांत होती, टाकलेल्या आणि विधवा बायकांचं पुढे काय होतं हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, ते पाच हा आकडा ऐकून आधी तिच्या वाट्याला काय काय आलं असेल ते मोजतात. रमाबाईंनी ही गोष्ट फुलहॅममध्ये ऐकली, म्हणून त्यांना त्या आश्रमातल्या बायका दिसल्या. त्यांचं वाचन सच्चं होतं आणि तेही एका जागेवरून केलेलं होतं. कुठलंही एक वाचन शेवटचं मानू नये, एवढंच यातून घ्यायचं.

पाण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या गटात शांतता पसरते किंवा आवाज चढतात. दोन्हीची तयारी ठेवावी. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. मराठी मंडळ्यांतली बरीच कुटुंबं त्याच वस्त्यांतून आलेली आहेत जिथून महाडला माणसं गेली. मंडळीच्या आत मात्र हा विषय बहुधा काढला जात नाही. लग्नं जुळवताना जात पाहिली जाते आणि प्रभुभोजनाच्या वेळी तिचं नाव काढायचं नाही असा संकेत असतो. योहान ४ वाचताना ही गोष्ट वर आली तर गट चालवणाऱ्याने ती मिटवू नये. तोल सावरायला प्रार्थनाही सुरू करू नये. लिहिणाऱ्याने शब्द न बदलता उतरवून घ्यावं, नावं मात्र टिपणात घालू नयेत.

इथेच एक चूकही होते, आणि ती चांगल्या मनाने होते. यहूदी म्हणजे ब्राह्मण आणि शोमरोनी म्हणजे दलित, असं समीकरण लगेच मांडलं जातं. त्याने गोष्टीला धार येते, पण ते उताऱ्यावर नीट बसत नाही. शोमरोनी लोकांचं स्वतःचं पंचग्रंथी शास्त्र, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं होती, याजक होते, गरीज्जीम डोंगरावर मंदिर होतं. ते यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं. हा भाऊबंदांचा जुना वैरभाव होता. शोमरोनी समाज नाब्लुसजवळ आजही आहे. शिवाय पाणी मागणारा येशू स्वतः यहूदी आहे, आणि २२व्या वचनात तारण यहूद्यांतून येतं असं तो म्हणतो. यहूदी लोकांविषयी अढी तयार करणारं वाचन युरोपात फार महागात पडलं आहे. कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या, शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाच्या महाराष्ट्राने तरी ते उसनं घेऊ नये. म्हणून नियम असा ठेवावा: कुणीही काहीही सुचवावं, पण दुसऱ्याने विचारलं की वचनावर बोट ठेवून दाखवावं. दाखवता आलं नाही, तर ते आपल्या गावाबद्दलचं म्हणणं म्हणून वेगळ्या रकान्यात लिहावं. तेही मोलाचं असतं, फक्त त्याची जागा वेगळी.

बैठकीनंतर दोन दिवसांच्या आत टिपण तयार करावं. दोन पानं वाचनाची, एक पान गावाचं. गावाच्या पानावर पाण्याची जागा, कामधंदा, मंडळी कधीपासून आहे, गटात कोण कोण होतं, एवढंच. सर्वात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. लिहिणारा शिकलेला असतो, त्याला बोली भाषा कमीपणाची वाटते आणि तो सगळं पुस्तकी करून टाकतो. पाच जणींची पाच वेगळी मतं एका गुळगुळीत वाक्यात विरघळतात आणि जोडीच्या गटाच्या हाती काहीच लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे लिखित टिपणासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-दोन मिनिटांचे चार-पाच ध्वनिसंदेश पाठवावेत, ज्याचे त्याच्या आवाजात. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी. फोटो पहिल्या फेरीत पाठवू नयेत. चेहरे आणि घरं दिसली की शहरातला गट वाचन सोडून गरिबीवर बोलू लागतो.

दुसऱ्या बैठकीत जोडीचं टिपण मोठ्याने वाचायचं आणि उतारा पुन्हा एकदा ऐकायचा. मग त्यांना काय दिसलं जे आपल्याला दिसलं नव्हतं, आपल्याला काय दिसलं जे त्यांना नाही, आणि त्यांचं कुठलं म्हणणं आपल्याला टोचलं, एवढेच तीन प्रश्न घ्यायचे. तिसऱ्यावर सर्वात जास्त वेळ द्यावा. छान वाचलंय त्यांनी, असं म्हणून सगळे माना डोलावू लागले तर समजावं की ऐकलंच नाही. भिडस्तपणा आपल्याकडे भांडणापेक्षा जास्त बैठका बुडवतो. तिसऱ्या बैठकीत उत्तर लिहायचं. ते गटाच्या नावाने जावं, पाळकांच्या नावाने नको.

आता पैशाबद्दल. दोन गटांत एक सधन असेल तर उत्तराबरोबर काहीतरी पाठवायची इच्छा होते: पाण्याची टाकी, शिलाई मशिनं, शाळेची फी. हेतू चांगला असला तरी वाचन तिथेच थांबतं. पुढच्या टिपणात आभार येतात, मतभेद येत नाहीत, कारण देणाऱ्याला कोण चूक म्हणणार? तिन्ही बैठका पुऱ्या होईपर्यंत कुणी कुणाला काही द्यायचं नाही, हे दोन्ही गटांनी सुरुवातीलाच कबूल करावं. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत भारताचे व्ही. एस. अझारय्या मिशनऱ्यांना उभं राहून हेच सांगून गेले. तुम्ही आपलं धन दिलंत, देहही झिजवलेत, आम्हाला मित्र द्या, अशी त्यांची मागणी होती. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. कुणाच्या पैशावर बसून वाचतो यावर काय वाचता येतं हे ठरतं, हे टिळकांनी ओळखलं होतं असं मी मानतो.

सत्तेचा प्रश्न याहून जुना आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं, बायबलची कथा सांगणारं सुमारे ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीला एक ब्राह्मण म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी द्या. ओवी मराठी मातीतली, ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीची, आणि तिच्यामागे पोर्तुगीज सत्तेची बंदीही. एखादं काम आपल्या भाषेत, आपल्या चालीवर आहे म्हणून ते बरोबरीचं आहे असं धरू नये. कीर्तन-भजनातून सुवार्ता सांगणाऱ्यांनीही विचारावं की समोरच्याला नको म्हणायची मोकळीक आहे का.

याच कारणासाठी गटात ख्रिस्ती नसलेले शेजारी येणार असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं की हे वाचन आहे, इथे कुणाला बाप्तिस्म्यासाठी तयार केलं जात नाही, आणि तसंच वागावं. वारकरी घरातला माणूस या उताऱ्यात काय ऐकतो ते खरंच जाणून घ्यायचं असेल, तर त्याचं मत सुधारायची घाई करू नये. २१व्या वचनात या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही असं आलं, की तो पंढरपूरबद्दल बोलेल. बोलू द्यावं, लिहून घ्यावं, जोडीच्या गटाला पाठवावं.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी मिशनची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवायची. सुट्टीतलं बायबल शिबिर, वैद्यकीय शिबिर, सभा, जे काही ठरलेलं असेल ते. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: हे कुणी सुचवलं, यात आपण कुणाकडे काय मागतो आहोत, आणि मुक्काम कुणाच्या घरी. ज्या ओळीपुढे दुसरा रकाना कोरा राहतो ती या वर्षी पुढे ढकलावी आणि जोडीच्या गटाला विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. खर्चाचा निर्णय घेणाऱ्या समितीत त्या गटातली निदान दोन माणसं असावीत, आणि त्यांचा प्रवासखर्च आधी द्यावा, पावत्या जमवून नंतर नको. नाहीतर बैठकीला फक्त ज्याला परवडतं तोच येतो.

पुढच्या फेरीला रूथ घ्यावं, चारच अध्याय आहेत आणि सून-सासूची गोष्ट कुठेही बोलकी होते. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये १०, जिथे पेत्र कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी काही दिवस राहतो. लूक १५ जरा उशिरा घ्यावा. पोसलेलं वासरू कापण्याच्या वचनाशी मिश्र गटात माणसं अडखळतात. तिथे वासराऐवजी दुसरं काही घालायची हुक्की येते, ती आवरावी. वचन आहे तसं वाचावं आणि कोण का अडखळलं ते जोडीच्या टिपणात जाऊ द्यावं. २ शमुवेल १३, सावत्र भावाने बलात्कार केलेल्या तामारची गोष्ट, दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गच्या उजामा केंद्राने स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध फार परिणामकारकपणे वाचायला लावली. पण ती नव्या गटाला देऊ नये. ती वाचताना कुणीतरी स्वतःबद्दल बोलू लागतं, आणि त्या बाईला बैठकीनंतर कुणाकडे नेता येईल, हे आधी ठरलेलं नसेल तर तो अध्याय उघडू नये.